धर्म सुटतो तो कोठे आणि कसा?



धर्माचा ऱ्हास होत चालला आहे म्हणून हळहळणारे आणि त्याच ऱ्हासाबद्दल समाधान मानणारे, असे दोन्ही पक्ष आज इतक्या तारस्वरात बोलत असतात, की हा ऱ्हास कोठे झाला, कोठे झाला नाही, आणि एकाच काळी शेजारच्या दोन मुलखांत त्याची तऱ्हा इतकी निराळी का दिसली, हे पाहण्याची सवड कोणालाच उरत नाही. आज मी तेवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहे.

आरंभी परमुलखाकडे पाहू. पोलंड आणि चेक हे देश एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या भाषा एका कुळातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर 1989 पर्यंत दोहोंवरही साम्यवादी पक्षाचाच अंमल होता. सरकारी प्रचाराने धर्म लोपत असता, तर तो दोन्हीकडे सारखाच लोपायला हवा होता. परंतु पोलंडमध्ये बहुसंख्य लोक अद्यापि स्वतःला कॅथलिक म्हणवतात, आणि चेक देशात कोणताही धर्म न सांगणाऱ्यांचीच बहुसंख्या आहे. याचे मूळ फार मागे आहे. 1620 च्या लढाईत चेक सरदारांचा मोड झाल्यावर हाब्सबुर्ग बादशहांनी कॅथलिक पंथ तेथे सक्तीने लादला, आणि चर्च हे परक्या तख्ताचे अंग होऊन बसले. उलट 1795 पासून 1918 पर्यंत पोलंडचे राज्यच नकाशावरून नाहीसे झाले असता, लोकांना आपले म्हणावे असे जे थोडे उरले होते त्यांत चर्च अग्रभागी होते. जेथे धर्म सत्तेला जुंपलेला होता तेथे तो सत्तेबरोबर अप्रिय झाला, आणि जेथे तो नाडलेल्यांच्या बाजूस उभा राहिला तेथे तो टिकला.

जर्मनीत तर धर्म सोडण्यास कचेरीची पायरी चढावी लागते. कोर्टात किंवा नोंदणी कचेरीत तसे लिहून दिले, की प्राप्तिकराबरोबर वसूल होणारी चर्चपट्टी थांबते आणि त्या मनुष्याचे नाव चर्चच्या दप्तरातून खारीज होते.

आपल्याकडे असे खारीज होण्याचे दप्तरच नाही. मूल शाळेत घातले की रजिस्टरात धर्म आणि जात यांचा रकाना भरला जातो, आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच अक्षरे उतरून जन्मभर त्या मनुष्याची सोबत करतात. त्याचा देवावर विश्वास आहे की नाही, हे त्यास कोणी विचारीत नाही. म्हणूनच 2011 च्या खानेसुमारीत एकशे एकवीस कोटींच्या या देशात धर्म न सांगणारे सुमारे 29 लाख, म्हणजे पाव टक्क्याच्या आतच, भरले. यावरून आपल्याकडे धर्माचे बंध सैल झालेच नाहीत, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल.

कारण आपला धर्म राजापेक्षा गावगाड्याला अधिक जुंपलेला होता. वेशीवर राखण करावी, सरकारी टपाल पोचवावे, मयताचा सांगावा घेऊन परगावी धावावे, मेलेले जनावर ओढावे, आणि त्याबदली दारोदार फिरून भाकरी मागावी, ही महारकी वतन म्हणून चालत आली, आणि धर्माने तिला मान्यतेचा शिक्का दिला. तेव्हा असा धर्म सोडणे म्हणजे गावातली आपली ठरलेली जागा सोडणे होते, आणि ते काम एकट्यादुकट्याचे नव्हते. कोपरगावाहून मनमाडच्या वाटेवर जे येवले लागते, तेथेच 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि एकवीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरास लाखो लोकांनी बौद्ध दीक्षा घेऊन तो धर्म एकत्र सोडला. 1951 साली आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध 1961 च्या गणतीत जवळजवळ 28 लाख भरले. धर्मत्यागाची एवढी मोठी नोंद जगात क्वचितच सापडेल. परंतु ती कोऱ्या रकान्यात झाली नाही, दुसऱ्या धर्माच्या रकान्यात झाली.

आता प्रदेशभेद पाहा. नागपूर, अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत बौद्धांचे प्रमाण दर शेकडा दहाहून अधिक आहे; आणि ज्याच्या वेशीजवळ घोषणा झाली त्या आपल्या नगर जिल्ह्यात ते दोनाच्याही आत आहे. माझ्या मते याची कारणे दोन. नागपूरकडील महार पुष्कळ अंशी विणकर होते, पुढे ते तेथल्या गिरण्यांत शिरले, आणि गावच्या वतनावर त्यांची भिस्त कमी राहिली. उलट इकडे मुंबई इलाख्यात वतनाची जमीन हीच बेडी होती, आणि ती कायद्याने तुटली ती धर्मांतरानंतर, 1959 साली. दुसरे कारण कागदाचे. बौद्धांना अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती 1990 पर्यंत नव्हत्या. तेव्हा घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ असा दुहेरी संसार अनेक कुटुंबांनी केला. त्यास ढोंग म्हणणारांनी मुलाच्या शिष्यवृत्तीचा हिशेब आधी मांडून पाहावा.

शिवाय नगर जिल्ह्यात दुसरी वाट अगोदरच पडलेली होती. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून येथे कार्य करीत होते, आणि अस्पृश्यांपैकी कित्येक कुटुंबे त्या वाटेने ख्रिस्ती झाली. याच मिशनमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक वावरले. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ब्राह्मण्य सोडणाऱ्या या कवीने 1917 साली मिशनचीही नोकरी सोडली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. संस्था सुटली, पण श्रद्धा सुटली नाही. नेवासे तालुक्यातील तरवडीहून ‘दीनमित्र’ काढणाऱ्या सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी आणखी निराळी वाट धरली: सत्यशोधकांनी देव नाकारला नाही, त्याच्यापर्यंत पोचविणारा मध्यस्थ नाकारला, आणि पुरोहितावाचून लग्ने लावली. आणि जुन्या काळी कोपरगावच्या स्टेशनात उतरून टांग्याने गोदावरी ओलांडीत शिर्डीस जाणारे हिंदू, मुसलमान, पारशी यांनी आपापली नावनिशी न बदलता साईबाबांच्या एकाच द्वारकामाईत माथा टेकविला.

एकाच जिल्ह्यात या चार तऱ्हा नांदल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे धर्माचा ऱ्हास एका मापाने मोजणे किती फसवे आहे हे कळून येईल. साकरवाडीसारख्या साखर कारखान्यांवर रोख मजुरी मिळू लागल्यावर बलुत्याची भाकरी मागण्याची गरज ज्याची संपली, त्याने देव सोडला असेल वा नसेल. परंतु देवाच्या नावाने त्याच्यावर बसविलेला हुकूम मात्र त्याने निश्चित सोडला. म्हणून ज्यांना धर्माची चिंता वाटते, त्यांनी खानेसुमारीचे आकडे चाळण्यापूर्वी आपला धर्म आज कोणाच्या सत्तेला, कोणाच्या पैशाला आणि कोणाच्या मताच्या पेटीला जुंपलेला आहे याची झडती घ्यावी; कारण जोखड टाकून देणारा मनुष्य ते ज्या दोराने बांधले होते तो दोर सहसा जपून ठेवीत नाही.