हौसेचे धावणे
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पारितोषिक वितरणाला बक्षिसे मिळवलेला पाहुणा बोलवावा असा रिवाज आहे. मी आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये तीनदा धावलो आणि तिन्ही वेळा माझ्यापुढे हजारो माणसे होती. ही गोष्ट मी चिटणीस साहेबांच्या कानावर घातली, तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच या." तेव्हा मागे राहणाऱ्यांच्या वतीने चार शब्द बोलतो.

मी हायस्कुलात गणित शिकवतो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. माझ्या अब्बांनाही हाच विकार होता. त्यात त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली आणि अखेरची काही वर्षे त्यांनी ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहण्यात घालवली. तो ओटा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझी प्रेरणा म्हणाल तर एवढीच. पदकाचे स्वप्न वगैरे काही नव्हते.

डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. फज्रची नमाज पढून मी बंदराच्या रस्त्याने चालू लागलो. एके दिवशी शाळेला उशीर होतो आहे असे पाहून परतताना पळालो. विजेच्या दुसऱ्या खांबापाशी दम संपला. शरम वाटली, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खांबापर्यंत गेलो. पुढचे सहा महिने माझे ध्येय नेहमी पुढचा एक खांब एवढेच होते. आजही मला ते ध्येय सर्वांत चांगले वाटते, कारण त्यानंतरचे माझे मोठे ध्येय माझ्या अंगाशी आले.

ते असे. २०१४ साली मी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये नाव घातले. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. चार तासांत पुरे करायचे म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटे ४१ सेकंद. गणिताच्या शिक्षकाने एवढे तरी पाळावे की नाही? पण भोवताली गर्दी, बँड, टाळ्या! पहिले दहा किलोमीटर मी ५ मिनिटे १० सेकंदांच्या वेगाने पळालो आणि मनात म्हटले, वेळ जमा होते आहे. प्रत्यक्षात ती जमा नव्हती, उचल होती. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो मोठ्या वेगाने पळणाऱ्याला तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंतच कसाबसा पुरतो. त्यापुढे शरीराला मुख्यत्वे चरबीवर काम भागवावे लागते आणि चरबी फार सावकाश जळते. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. तिथे माझे पाय लाकडासारखे झाले. सत्तरीचे एक गृहस्थ शांतपणे मला मागे टाकून गेले. मी चालत, थांबत ५ तास १२ मिनिटांनी पोहोचलो.

घरी आल्यावर वाचायला बसलो. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षे प्रयोग करून एक पद्धत बसवली. आधी पुष्कळ अंतर आरामात धावून पाया पक्का करायचा, वेगाचे काम नंतर. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. मला यातले एकच पटले आणि पुरले. सराव करताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला.

आता माझा आठवडा चार दिवसांचा आहे. दोन दिवस फज्रनंतर पाऊण तास, अगदी सावकाश. एक दिवस टेकडीचा चढ. रविवारी लांबचे अंतर. एकूण अंतर एका आठवड्यात दहाव्या हिश्शाहून जास्त वाढवायचे नाही, हे माझे गुडघे मला शिकवून गेले. बाकीचे दिवस विश्रांती, आणि विश्रांती हाही सरावच समजावा. रमजानमध्ये लांबचे धावणे बंद. इफ्तारच्या आधी अर्धा तास हलके पळतो, म्हणजे घरी येताच पाणी मिळते. माझी साखर आटोक्यात आली, तरी गोळी सुटलेली नाही, आणि रोजे धरण्याआधी मी दर वर्षी डॉक्टरांना विचारतो. ज्यांना हा विकार आहे त्यांनी माझे ऐकून नव्हे, डॉक्टरांना विचारून पळावे.

पालकांची तक्रार मला ठाऊक आहे : पळून पोट भरते का? नाही भरत. बुगेरा एल वाफी यांचे उदाहरण घ्या. अल्जीरियात जन्मलेला हा मुसलमान कामगार पॅरिसजवळ रेनॉच्या मोटार कारखान्यात काम करी. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी २ तास ३२ मिनिटे ५७ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. पुढे अमेरिकेत पैसे घेऊन धावले म्हणून त्यांचा हौशी दर्जा काढून घेण्यात आला आणि जगाने त्यांना विसरून टाकले. आपल्याकडच्या फडेप्पा चौगुल्यांचे तरी नाव किती मुलांना ठाऊक आहे? १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉनमध्ये १९ वे आले होते. तेव्हा पोटासाठी शिकावे हे बरोबरच. मी फक्त सकाळचा पाऊण तास मागतो आहे.

आणि तो मुलींसाठीही मागतो आहे. इथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. माझी मुलगी नववीत असताना म्हणाली, "अब्बा, मी येऊ?" मोहल्ल्यात ज्याच्या धावण्याचे कौतुक होते असा मी, दोन महिने तिला "बघू" म्हणत राहिलो. लोक काय म्हणतील, हा विचार. शेवटी तिची आई म्हणाली, "तुम्ही अर्ध्या चड्डीत पळालात तेव्हा लोक काय म्हणाले होते?" मला उत्तर सुचले नाही. मोरोक्कोच्या नवाल एल मुतवक्किल यांनी १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले, ते मी वर्गात कितीदा सांगितले होते! दुसऱ्याच्या मुलीचे सांगणे सोपे असते. माझी मुलगी ओढणी नीट बांधून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येऊ लागली. सुरुवातीला दोन-चार जण बोलले, मग त्यांच्यातल्याच एकाने आपली मुलगी पाठवली. धावण्यामुळे तिचे गणिताचे गुण वाढले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. जेवढे होते तेवढेच राहिले. चढावर मात्र ती आता माझ्यासाठी थांबते.

माझे चार तासांचे ध्येय अजून बाकी आहे. २०१७ साली ४ तास २६ मिनिटे लागली, २०२० साली ४ तास ७. मग साथीमुळे दोन वर्षे शर्यतच झाली नाही, आणि त्यानंतर गुडघ्याने रजा घेतली. आता पन्नाशी ओलांडली आहे, तरी ती सात मिनिटे मला सोडत नाहीत. सराव पुन्हा सुरू केला आहे. रविवारी फज्रनंतर आम्ही मशिदीपासून बंदराच्या रस्त्याला लागतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. नवे बूट लागत नाहीत. पाण्याची बाटली आणावी, आणि पहिल्या दिवशी दुसऱ्या खांबापाशी थांबावे.