'बेघर' की 'उंबरठा'?

शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ साली 'उंबरठा' सिनेमा काढला. त्यातली सुलभा म्हणजे स्मिता पाटील. नवरा, लहान लेक मागे ठेवून ती महिलाश्रमात नोकरीला जाते. परतते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. ती पुन्हा निघते.

नाव बदललं ते आम्हाला पटलं. 'बेघर' म्हटलं की बाईनं काय गमावलं तेच दिसतं. उंबरठ्यावरची बाई आतही जाऊ शकते, बाहेरही. बैठकीला निघताना 'घर कोण बघणार?' हे आपणही ऐकतोच की! पुस्तक मात्र वाचाच. सिनेमा पुढे पळतो, पुस्तकात हव्या त्या पानावर थांबता येतं. पुढच्या बैठकीत बोलू, त्या लेकीच्या बाजूनंही.