पैसा फंडाच्या गावात आपले स्वागत



ग्रामदैवत श्री डोळसनाथ महाराजांना वंदन करून तळेगाव दाभाडेच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. नफा मिळवण्यापलीकडे उद्योग समाजाचे काही देणे लागतो का, या प्रश्नावर परिषदेत दोन दिवस विचार करण्यासाठी आपण आमच्या गावाची निवड केलीत, हा तळेगावचा सन्मान आहे. विषयाचा ऊहापोह करायला अध्यक्ष आणि वक्ते समर्थ आहेत. आपण कोणत्या भूमीवर बसला आहात, हे सांगणे मात्र स्वागताध्यक्षाचे कर्तव्य आहे.

हे सरसेनापती दाभाड्यांचे गाव. छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे इथले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडले आणि घरावर आकाश कोसळले. तेव्हा मातोश्री उमाबाईंनी घराण्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या मोहिमेचे नेतृत्व केले. रणांगणात उभ्या राहिलेल्या या माउलीने सप्तशृंगी गडावर भाविकांसाठी पायऱ्याही बांधल्या. गावातल्या बनेश्वर मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. पाहुण्यांनी परत जाण्यापूर्वी तिथे माथा टेकवावा, अशी माझी विनंती आहे.

श्रावणात विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा खंडेरावांनी याच गावात सुरू केली. ती पुढे पेशव्यांनी पुण्याला नेली. पेशवाई गेल्यावर त्या दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. म्हणजे पुण्याच्या विद्येच्या मुळाशी तळेगावचे दान आहे, हे मी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या साक्षीने अभिमानाने सांगतो.

जानेवारी १७७९ मध्ये कंपनी सरकारची फौज घाट चढून पुण्यावर निघाली. ती तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव रिकामे करून जाळून टाकले होते. शत्रूला दाणा मिळाला नाही, वैरण मिळाली नाही. इंग्रज मागे फिरले आणि शेजारच्या वडगावात त्यांना शरणागतीचा तह करावा लागला. राज्य वाचावे म्हणून या गावाने आपली घरेदारे गमावली आहेत.

शिक्षणाच्या इतिहासातही तळेगावचे पान सोन्याचे आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढले. ते कोल्हापूरहून मिरजेला आणि तिथून तळेगावला आले. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक मंत्रांवरचा लेख छापला गेला. त्यापायी सरकारने राजद्रोहाचा खटला भरून विजापूरकरांना तुरुंगात धाडले आणि १९१० मध्ये शाळाही बंद केली. तरीही तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पुन्हा तळेगावातच काम उभारले. पुढे लेखक गो. नी. दांडेकर इथे राहिले आणि त्यांच्या लेखनातून या मावळच्या डोंगरदऱ्या मराठी घराघरांत पोचल्या.

आता ज्यांच्यासाठी मी एवढा वेळ मागून घेतला, त्या माणसाकडे येतो. अंताजी दामोदर काळे हे नाव आज किती जणांच्या ओळखीचे आहे? आमच्या गावातल्या तरुणांनाही ते ठाऊक नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. देशात कारखाने निघत नाहीत, कारण भांडवल नाही, असे सगळे म्हणत असताना या माणसाने हिशेब मांडला, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा दिला तरी भांडवल उभे राहील. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा, तेव्हा एक रुपया जमणार. काळे तरीही गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेच्या पाठीशी आपले बळ उभे केले आणि पैसा फंड ही चळवळ झाली.

त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना उभा राहिला. त्याची धुरा पहिल्यांदा ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर हिंदुस्थानातल्या तरुणाने सांभाळली. जपान आणि अमेरिकेत जाऊन ते काचेची विद्या शिकून आले होते. दिव्याच्या चिमणीसाठीही आपण परदेशावर अवलंबून होतो, त्या काळातली ही गोष्ट. वाळू आणि सोडा वितळवणारी भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची, नळीच्या टोकावर लालभडक गोळा घ्यायचा आणि फुंकून त्याला आकार द्यायचा. हे काम पुस्तकातून येत नाही. ते कसलेल्या कारागिराशेजारी उभे राहूनच शिकावे लागते. म्हणून हा कारखाना शाळाही होता. इथे तयार झालेली माणसे देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढायला आणि चालवायला गेली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद झाला, तेव्हा देशी काच किती मोलाची आहे हे सगळ्यांनाच कळले.

बाजाराच्या रूढ नियमाने हुन्नर आपल्याजवळ ठेवायचा असतो, कारण शिकून गेलेला माणूस उद्या आपलाच प्रतिस्पर्धी होतो. तळेगावच्या कारखान्याने प्रतिस्पर्धी घडवले, आणि तेच त्याचे खरे उत्पादन होते. भांडवल जनतेचे होते, म्हणून विद्याही जनतेची झाली.

आपल्या परिषदेच्या विषयाशी माझ्या गावाचे नाते मला इथे दिसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले, की नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे एवढीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी आहे आणि व्यवस्थापकाने भागधारकांच्या पैशातून परोपकार करू नये. या विचारातला प्रामाणिकपणा मी मानतो. तोट्यातला कारखाना कुणाचे भले करीत नाही; पगार थकले की पहिली झळ कामगाराच्या चुलीला बसते. पण भांडवल भागधारकांनी दिले तेवढेच, हे मात्र मला मान्य नाही. आमच्या मावळाकडे पाहा. वळवण, शिरोटा, ठोकरवाडी या धरणांचे पाणी घाटाखाली उतरले आणि त्यावर तयार झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी मावळचे, बुडालेली जमीन मावळातल्या शेतकऱ्याची. शेजारच्या मुळशीत तर या प्रश्नावर सेनापती बापटांना १९२१ मध्ये सत्याग्रह उभारावा लागला. रस्ते, शिकलेली मुले, पोलिसांचा बंदोबस्त हेही समाजानेच पुरवलेले आहे. पैसा फंडात जनतेचा वाटा वहीत लिहिला गेला. इतर कारखान्यांत तो लिहिला जात नाही, पण असतो. म्हणून उद्योगाने समाजाला जे द्यायचे ते उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून द्यायचे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या रकमेतून शाळांना बाके मिळाली, दवाखान्यांना यंत्रे मिळाली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरीही एक मागणे आहे. दोन टक्क्यांचा हिशेब चोख असावा, आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले तेही तपासले जावे. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो आणि वारकरी त्यातच स्नान करतात. त्यात गावांचे सांडपाणी किती आणि कारखान्यांचे किती, हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण ज्याने पाणी घेतले त्याने ते स्वच्छ परत करावे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता व्यवस्थेविषयी. तळेगाव वाढले, पण पाहुण्यांना उतरवण्याच्या सोयी त्या मानाने वाढल्या नाहीत. सर्व प्रतिनिधींना एका ठिकाणी ठेवता आले नाही. काहींची सोय शाळेच्या वर्गांत, काहींची गावकऱ्यांच्या घरी करावी लागली. स्टेशन आणि गाव यांत अंतर आहे, रस्ता अरुंद आहे आणि वाहनांची कोंडी होते. त्यामुळे काल रात्री उशिरा आलेल्या प्रतिनिधींना तिष्ठत राहावे लागले. गरम पाणी सर्वांना वेळेवर मिळाले नाही, हेही माझ्या कानावर आले आहे. माघातली थंडी आहे. पांघरूण कमी पडले असेल, तर स्वयंसेवकांना निःसंकोच सांगावे. मंडपाच्या मागच्या भागात आवाज नीट पोचत नाही, ती दुरुस्ती दुपारपर्यंत होईल. या सर्व उणिवांबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी हात जोडून क्षमा मागतो. भोजनात आपल्याला वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या इंद्रायणी वाणाचा भात वाढला जाईल. आमच्या व्यवस्थेत काही राहिले असेल, ते त्या भाताच्या सुगंधाने भरून निघावे, एवढीच इच्छा.

आभार मानायचे तर यादी मोठी आहे. नगर परिषदेने पाणी आणि स्वच्छतेची व्यवस्था केली. मंगल कार्यालयाच्या मालकांनी लग्नसराईचे दिवस असूनही दोन दिवसांचे भाडे घेतले नाही. औद्योगिक वसाहतीतील लहान-मोठ्या कारखानदारांनी देणग्या दिल्या आणि आपली नावे फलकावर लावू नयेत, असा आग्रह धरला. बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी किराणा पाठवला, मावळातल्या शेतकऱ्यांनी तांदूळ आणि भाजी पाठवली, दूधवाल्यांनी पहाटे दूध पोचवले. मंडप, ध्वनिक्षेपक आणि विजेची माणसे तीन रात्री झोपलेली नाहीत. गणेश मंडळांची मुले-मुली स्वयंसेवक म्हणून उभी आहेत. बचत गटांच्या भगिनींनी स्वयंपाकाची संपूर्ण जबाबदारी पेलली आहे. एका निवृत्त कामगाराने आपल्या निवृत्तिवेतनातून शंभर रुपये आणून दिले. ती पावती मी सर्वांत मोठ्या देणगीच्या बरोबरीने मानतो. कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर त्यांनी उदार मनाने समजून घ्यावे.

शेवटी एक विनंती. या परिषदेत ठराव होतील, त्यात एक ठराव हुन्नर शिकवण्याविषयी असू द्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आपल्याकडे आहे. तो कागदावर पाळण्यापुरता न पाळता, आपल्या कारखान्याच्या भोवतालच्या गावांतील मुला-मुलींना दरवर्षी यंत्रासमोर उभे करून पूर्ण काम शिकवावे. त्यांतली काही दुसरीकडे जातील, काही स्वतःचा कारखाना काढतील. त्यांना जाऊ द्यावे. अंताजी काळ्यांचे स्मारक उभारायचे तर तळेगावकर ते उभारतीलच. आपण सर्वांनी निदान एका मुलाला हुन्नर शिकवून समाजाच्या ऋणाचा पहिला हप्ता फेडावा, एवढे आवाहन करून मी आपले पुन्हा एकदा स्वागत करतो.