सैनिक कोणाला म्हणावे?

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सराव करताना ज्याचा कणा मोडला तो छात्र घरी पाठवला जातो, पण माजी सैनिकाचा दर्जा त्याला मिळत नाही. कारण काय, तर त्याला अजून कमिशन मिळालेले नव्हते! प्रशिक्षणातच जायबंदी झालेला रिक्रूट शिपाई मात्र अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. छात्राच्या हाती पडते ते सानुग्रह अनुदान. निवृत्तिवेतन हा हक्क असतो, अनुदान ही मेहेरबानी. भांडण आहे ते या भेदाचे. १९८५ पासून असे सुमारे पाचशे तरुण परतल्याचे वृत्तपत्रांनी छापले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. औषधोपचाराची सोय झाली. दर्जाची मागणी तिने फिटत नाही.