गुण कोणाचा?



संख्याशास्त्राचे नाव काढले की मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आरंभ आकड्यांनी न करता घरातल्याच एका शब्दाने करू. तो शब्द ‘गुण’. ताप उतरला की आपण म्हणतो, औषधाने गुण आला. शेजारी म्हणतात, डॉक्टरांचा हातगुण. आजी म्हणते, पथ्य सांभाळले म्हणून. आणि पुष्कळदा ताप उतरायचाच असतो, तो उतरतो. मग गुण कोणाचा? हे ठरवावे कसे, एवढाच आजचा विषय.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हे शिकवणे अवघड जाते, कारण अनुभव फार गोड बोलतो. आम्ही नवखे होतो तेव्हा एका औषधावर आमची अपार श्रद्धा होती. बरे झालेले रुग्ण पेढे घेऊन येत. जे बरे होत नसत ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जात. ते आम्हांस पुन्हा दिसतच नसत. त्यामुळे आमच्या वहीत सगळे यशच यश! वहीत खोटे एक अक्षर नव्हते. पण वहीच अर्धी होती.

यावर उपाय कोणता, हे क्षयरोगाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. युद्धानंतर ब्रिटनपाशी परकीय चलनाची चणचण होती, औषध थोडे आणि रोगी अगणित. ते कोणाला द्यावे? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचे संख्याशास्त्रज्ञ या कामात होते. तारुण्यात ते स्वतः क्षयाने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी सुचवले की निवड डॉक्टरांनी करू नये, चिठ्ठीने व्हावी. रोगी चाचणीत घेतल्यावरच बंद पाकीट फोडायचे. आत ‘औषध’ असेल तर औषध, नाहीतर त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे अंथरुणात विश्रांती.

चिठ्ठीच का? डॉक्टर दयाळू असतो. तो नकळत धडधाकट रोग्याला नवे औषध देतो, नाहीतर अत्यवस्थाला देतो. मग दोन गट सारखे राहत नाहीत. चिठ्ठीला दयाही नाही, आवडनिवडही नाही. शिवाय क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांना कोणते चित्र कोणत्या गटातले हे सांगितले नव्हते. कारण आशा डोळ्यांनाही फसवते.

१९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, न घेतलेल्या ५२ पैकी १४. गुण औषधाचा, यात शंका उरली नाही. पण पुढे पाच वर्षांचा हिशेब झाला तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ रोगी मरण पावलेले होते. जंतूंना त्या औषधाची सवय झाली होती. एकटे औषध पुरत नाही, जोडीला दुसरे हवे, हा धडा त्यातून मिळाला.

कोणी विचारील, त्या ५२ जणांवर हा अन्याय नव्हे काय? श्रोतेहो, औषध सर्वांना पुरणारेच नव्हते. ते वशिल्याने वाटण्यापेक्षा चिठ्ठीने वाटणे अधिक न्याय्य होते, आणि त्यातून पुढच्यांसाठी ज्ञान उरले.

आता आपल्या देशाकडे येऊ. क्षय म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी, अशी पक्की समजूत होती. पण खाटा मूठभर. गरिबाने काय करावे? १९५६ साली मद्रासला काम सुरू झाले. १९३ रुग्ण चिठ्ठीने वाटले गेले. काही सॅनेटोरियममध्ये, काही आपल्याच दाटीवाटीच्या घरात. औषधे दोघांना तीच. १९५९ साली कळले की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना रोगाची बाधा अधिक झाली नाही. त्या हिशेबामुळे किती आया मुलांपासून दूर जाण्याच्या वाचल्या असतील!

आमचे विद्यार्थी प्रबंधासाठी आधी रुग्ण गोळा करतात आणि मग संख्याशास्त्रज्ञाकडे जाऊन ‘आता यातून काय निघते ते पाहा’ म्हणतात. १९३८ साली कलकत्त्याच्या परिषदेत रोनल्ड फिशर यांनी बजावले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे बहुधा शवविच्छेदनच करून घेणे. प्रयोग कशाने मेला, एवढेच तो सांगू शकेल. तुलना कोणाशी, रुग्ण किती, मोजायचे काय, हे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ठरले पाहिजे. मध्येच सोडून गेलेल्यांचीही नोंद पाहिजे. ती माणसे हिशेबातून गळली की आमच्या जुन्या वहीसारखी गत होते.

आपण डॉक्टर नसाल. पण रोगी कधी ना कधी सर्वांनाच व्हायचे आहे. उद्या कोणी शंभर जण बरे केल्याची जाहिरात दाखवली, तर एवढेच विचारा : ज्यांनी हे औषध घेतले नाही, त्यांचे काय झाले? आणि जे परत आलेच नाहीत, त्यांचे काय? हातगुणावर श्रद्धा जरूर ठेवा. पण त्या हाताला हिशेब ठेवण्याची सवय आहे ना, हेही पाहा.