पत्ता शेवटून वाचावा
(गणेशोत्सवातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपल्या महाराणा प्रताप नगरात कुरिअरवाल्यांची वर्दळ असते. त्यातही आपल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. बरीचशी पार्सलं आपण स्वतः मागवलेलीच नसतात. मुलगा पुण्यात बसून आईसाठी साडी मागवतो, मुलगी अमेरिकेतून बाबांसाठी रक्तदाबाचं यंत्र मागवते आणि पत्ता भोपाळचा देते. त्यामुळे ‘आपलं पार्सल अडकलं आहे’ असा ईमेल आला, की ‘आम्ही तर काही मागवलं नाही’ म्हणून तो बाजूला सारता येत नाही. पोरांनी हौसेनं पाठवलेली वस्तू परत जायला नको, या काळजीपोटी बोट पुढे जातं. भामट्याला नेमकं हेच हवं असतं.

आपण काय मागवलं हे त्याला कसं कळतं, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. बहुतेक वेळा ते त्याला माहीतच नसतं. तो एकच मजकूर लाखो लोकांना पाठवतो आणि त्यातले हजारो लोक त्या दिवशी कसल्यातरी पार्सलची वाट पाहतच असतात. २०२४ मध्ये टपाल खात्याच्या नावानं असेच संदेश देशभर फिरले: पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपुरा आहे, ठरावीक तासांत लिंकवर जाऊन तो भरा. हे संदेश खोटे असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावं लागलं.

खरं दुकानही खरेदीनंतर चार-पाच ईमेल पाठवतं: ऑर्डर मिळाली, माल निघाला, आज पोहोचेल, बिल घ्या, अभिप्राय द्या. या रांगेत एखादा खोटा घुसला तर तो ओळखायचा कसा?

पहिली खूण पत्त्याची. ईमेलच्या वर दिसतं ते नाव कुणीही काहीही लिहू शकतो. त्या नावावर बोट टेकवलं की खाली खरा पत्ता उघडतो. तो कसा वाचायचा, हे सांगण्यासाठी आम्ही आपल्या पिनकोडची आठवण करून देतो. देशात एकाच नावाची अनेक गावं असल्यानं पत्रं भलतीकडे जात. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, जे संस्कृत कवीही होते, पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. आपला महाराणा प्रताप नगरचा पिनकोड ४६२०११. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा पहिला आकडा ४, हाही आपल्यासाठी एक गोड योगायोग! टपाल वेगळं करणारा माणूस आधी पिनकोड बघतो, म्हणजे पत्ता शेवटून वाचतो. वर नाव कितीही मोठं असो, पत्र जातं ते पिनकोडच्या गावाला.

संगणकातला पत्ताही असाच शेवटून वाचावा. लिंकमध्ये पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि त्याचं शेपूट बघा. समजा लिहिलं आहे ‘दुकान डॉट कॉम डॉट परतावा-केंद्र डॉट टॉप’. सुरुवातीला दुकानाचं नाव आहे, पण मालक आहे तो शेवटचा ‘परतावा-केंद्र डॉट टॉप’. ईमेलमध्ये ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतरचा भाग असाच तपासावा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं आता ‘डॉट बँक डॉट इन’ हे वेगळं शेपूट ठरवून दिलं आहे, तेही ध्यानात ठेवावं. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर मात्र विसंबू नये. मधल्या वाटेत कुणी मजकूर वाचणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे साव बसला आहे की चोर, हे सांगत नाही.

दुसरी खूण मागणीची. खऱ्या दुकानाकडे आपला पत्ता असतो, पैसेही बहुधा आधीच पोहोचलेले असतात. मग ‘पाच रुपये भरा, पार्सल सोडतो’ हे कशासाठी? त्याला पाच रुपये नको असतात, कार्डाचा नंबर आणि ओटीपी हवा असतो. परताव्याचंही तसंच. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ‘परतावा मिळवण्यासाठी पिन टाका’, ‘हे अ‍ॅप उतरवून घ्या म्हणजे तुमचा फोन आम्हाला दिसेल’, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबावं.

पूर्वी अशुद्ध भाषेवरून खोटं पत्र ओळखू यायचं. आता ती खूण राहिली नाही. खोटे ईमेलही स्वच्छ भाषेत येतात. पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा कधीकधी हुबेहूब बनवलेला असतो. म्हणून आमचा सल्ला असा, की ईमेल खरा वाटो वा खोटा, त्यातल्या लिंकवर आणि फोन नंबरवर जाऊच नये. दुकानाचं अ‍ॅप आपल्या हातानं उघडावं आणि ‘माझ्या ऑर्डर’मध्ये बघावं. खरी अडचण असेल तर ती तिथे लिहिलेली असते. ऑर्डर मुलांच्या खात्यातून झाली असेल तर त्यांना एक फोन करावा. ‘बाळा, काही पाठवलंयस का?’ एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. एवढं करूनही पैसे गेलेच, तर लपवू नका. आपल्या पिढीला पैशापेक्षा ‘मुलं काय म्हणतील’ याची भीती जास्त, आणि त्या भीतीत हातचे तास निघून जातात. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी आपणच सांगून बसलो असू, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. घरातल्या तरुणांनाही हात जोडून विनंती: आई-बाबांचा असा फोन आला, तर आधी १९३० लावून द्या. रागवायला पुढे पुष्कळ वेळ आहे.

महाभारत लिहून घ्यायला बसलेल्या गणरायानं अट घातली, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. तेव्हा बुद्धीचा देवसुद्धा अवघड श्लोकापाशी क्षणभर थांबत असे. त्याचे भक्त म्हणून आपणही अर्थ कळल्याशिवाय बोट टेकवायचं नाही, एवढा नेम यंदा करू या.

गणपती बाप्पा मोरया!