निसर्गोपचार आणि औषधोपचार



निसर्गोपचार श्रेष्ठ की डॉक्टरी उपचार, हा वाद आपल्याकडे वारंवार झडतो. मला त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडते. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी उरुळी कांचन येथे आले आणि मातीची पट्टी, कटिस्नान, सूर्यस्नान, फळांचा रस यांच्या साह्याने त्यांनी गोरगरिबांवर उपचार आरंभिले. तेथील आश्रमाची धुरा पुढे मणिभाई देसाई यांनी वाहिली. परंतु याच गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कारावासात अपेंडिक्सचा विकार जडला, तेव्हा ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. मध्येच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले! तेथे मातीची पट्टी पुरी पडली नसती.

आपण व्यापारी माणसे दिवसभर गादीवर बसतो. मधुमेह, रक्तदाब, स्थूलता हे बहुधा बैठकीचेच सोबती. त्यांवर मिताहार, चालणे, मीठ कमी करणे यांचा गुण वैद्यकशास्त्रही मानते; आपल्या ऊनोदरीचा आशय तरी निराळा कोठे आहे? मात्र थोडा गुण येताच गोळ्या परस्पर बंद करणारे बंधू पाहिले की मन धास्तावते. क्षयरोगाचा औषधक्रम पूर्ण करावाच लागतो. बालवयात जडणाऱ्या मधुमेहात इन्सुलिनवाचून जीवन टिकत नाही. पर्युषणात मधुमेही व्यक्तीने नेहमीची गोळी घेऊन निराहार राहिल्यास साखर एकाएकी उतरून मूर्च्छा येऊ शकते. तेव्हा पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, ही विनंती.